एवढ्याशा दाण्याचे एवढे पैसे?

“भाऊ, इतलासा दाना, अन् त्याना पाचशे रुप्या?” अमळनेरला माझ्या मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरवर हे ऐकलं नाही असा दिवस जात नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दाण्याची किंमत काही पैसेच आहे. बाकीचे पैसे तो दाणा हुडकण्याचे आणि धरण्याचे.

दाणा म्हणजे कपॅसिटर, थोडीशी वीज साठवून ठेवणारा बारीक भाग. आमच्यात ज्याला ०१००५ म्हणतात, तो ०.४ मिलिमीटर लांब आणि ०.२ मिलिमीटर रुंद. फोनच्या बोर्डावर असले शेकड्यांनी असतात. त्यातला एक शॉर्ट झाला की फोन मेला. मल्टिमीटर, म्हणजे वीज तपासायचं मीटर, लावला तर त्या लाइनवरचे सगळेच बीप देतात, कारण सगळे एकमेकांना जोडलेले. चोर कोण ते कळत नाही. मग बोर्डावर रोझिनचा, म्हणजे राळेचा, धूर देऊन पांढरा थर बसवायचा आणि डीसी सप्लायवरून हलकं व्होल्टेज सोडायचं. शॉर्ट झालेला दाणा तापतो आणि फक्त त्याच्यावरचा थर विरघळतो. तो काढून नवा बसवताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर दाणा उडालाच. पंखा बंद, मे महिन्यात, खान्देशात! पाचशेतले निम्मे तर घामाचेच म्हणा.

मोठ्यांचंही असंच झालंय. रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने डिसेंबर १९५९ मध्ये अमेरिकेत कॅलटेक या विज्ञानसंस्थेत एक व्याख्यान दिलं आणि शेवटी हजार-हजार डॉलरची दोन बक्षिसं लावली. एक होतं मोटरचं: चालणारी विजेची मोटर करायची, पण इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या बाजूच्या ठोकळ्यात मावेल अशी. हिशेब केलात तर ते जवळपास ०.४ मिलिमीटर भरतं, माझ्या दाण्याची लांबी! फाइनमनला वाटलं होतं, यासाठी कुणीतरी एखादी नवीच पद्धत शोधून काढेल. पुढच्याच वर्षी विल्यम मॅक्लेलन नावाचा इंजिनिअर एक मोठी पेटी घेऊन हजर. लोक खेळण्यातल्या मोटरी घेऊन येत, त्यातलाच हा एक, असं फाइनमनने धरलं. पेटीतून सूक्ष्मदर्शक निघाला तेव्हा त्याला कळलं की हा गडी खरोखर करून आलाय. तेरा भागांची मोटर, वजन २५० मायक्रोग्रॅम, आणि जोडली कशाने, तर सूक्ष्मदर्शकाखाली टूथपिकच्या टोकाने. नवी पद्धत वगैरे काही नाही, नुसता हात. फाइनमनने पैसे दिले, पण खट्टू झाला. मला विचाराल तर त्याने खट्टू व्हायला नको होतं. मी तर त्या टूथपिकवर फिदा आहे.

दुसरं बक्षीस जायला १९८५ उजाडलं. पुस्तकाचं पान पंचवीस हजारपट लहान करून लिहायचं होतं. स्टॅनफर्डच्या टॉम न्यूमनने इलेक्ट्रॉनच्या झोताने एका कादंबरीचं पहिलं पान तसं लिहिलं. लिहिलं खरं, पण आजूबाजूच्या कोऱ्या जागेच्या मानाने ते इतकं चिमुकलं होतं की पुन्हा सापडवणं हेच मोठं काम होऊन बसलं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

धरण्याचं म्हणाल, तर आयबीएम या अमेरिकन संगणक कंपनीच्या डॉन आयग्लरने नोव्हेंबर १९८९ मध्ये झेनॉन वायूचे ३५ अणू एकेक सरकवून निकेलवर कंपनीचं नाव लिहिलं. अणू जागेवर राहावेत म्हणून सगळं उणे २६९ अंशाच्या आसपास गारठवून ठेवावं लागलं. त्यापुढे माझा बंद पंखा म्हणजे काहीच नाही.

विक्रमांच्या घोषणांवर मात्र माझा फारसा जीव नाही. मार्च २०१८ मध्ये आयबीएमने एक मिलिमीटर चौरस संगणक दाखवला. तीनेक महिन्यांत मिशिगन विद्यापीठाने ०.३ मिलिमीटरचा दाखवला. पण वीज गेली की त्याच्यातला प्रोग्रॅम आणि माहिती, दोन्ही पुसलं जातं. याला संगणक म्हणायचं का, याची खात्री खुद्द करणाऱ्यांनाही नव्हती. त्यापेक्षा त्यांची आतली अडचण मला जवळची वाटते: त्याच्याशी बोलायचं प्रकाशाने, आणि तोच प्रकाश त्याच्या सर्किटमध्ये नको तिथे करंट उठवायचा. त्यासाठी सर्किटचे भागच बदलावे लागले.

कॉलेजची पोरं येतात आणि “आमच्या फोनात ३ नॅनोमीटरची चिप आहे” म्हणून सांगतात. अमळनेरकरांना चिपचं कौतुक जरा जास्तच. १९४५ साली इथे वनस्पती तुपापासून सुरू झालेली विप्रो पुढे संगणकात गेली ना. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग; कपाशीचा एक तंतू १५ हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, तेव्हा तीन ऐकून डोळे फिरणारच. पण ते तीन आता चिपच्या पिढीचं नुसतं नाव आहे. पट्टी लावून मोजायला गेलात तर चिपमध्ये नेमकं तीन नॅनोमीटरचं काही सापडायचं नाही.

दाणे मात्र खरेच लहान होत चाललेत. मुराता या जपानी कंपनीने २०२४ मध्ये ०.१६ बाय ०.०८ मिलिमीटरचा कपॅसिटर जाहीर केला. तो लावलेला बोर्ड अजून माझ्या टेबलावर आलेला नाही. आला तर तो बदलायचे किती सांगायचे, हे मी अजून ठरवलेलं नाही. पाचशेत मात्र होणार नाही.