डब्लिनमध्ये घर घेताना: सब-रजिस्ट्रार नाही, फक्त वकीलबाईंचा शब्द

लुकनमधल्या त्या घराच्या पाटीवर ‘सेल अग्रीड’ची पट्टी लागली, त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. घाई झाली. इथे सेल अग्रीड म्हणजे नुसता तोंडी होकार. करारावर दोघांच्या सह्या होईपर्यंत विकणारा दुसऱ्याला घर देऊ शकतो, आपणही पाय मागे घेऊ शकतो आणि एजंटाकडे भरलेलं बुकिंग डिपॉझिट तोवर परत मिळतं. वाटलेले पेढे तेवढे परत मिळत नाहीत.

पुढची पायरी सॉलिसिटर, म्हणजे खरेदीविक्रीचे कागद पाहणारा वकील. नवऱ्याचं म्हणणं, विकणाऱ्याचा सॉलिसिटर आहेच, त्यालाच सांगू, पैसे वाचतील. नाशिकला माझ्या काकांनी असाच एका वकिलाकडून दोघांचा मिळून व्यवहार केला होता. आयर्लंडच्या लॉ सोसायटीने, म्हणजे सॉलिसिटरांवर देखरेख करणाऱ्या त्यांच्या संस्थेने, मात्र ही वाट बंद केली आहे. 2013 पासून, मोजके अपवाद सोडले तर, विकणारा आणि घेणारा या दोघांचं काम एकाच सॉलिसिटरला घेता येत नाही. मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीने स्टोनीबॅटरमधल्या वकीलबाई सुचवल्या. मी आधी लॉ सोसायटीच्या यादीत त्यांचं नाव शोधलं. वकिली करायचा परवाना इथे दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो, म्हणून हे पाहिलेलं बरं. पहिल्या भेटीतच त्यांनी फीचा लेखी कागद हातात ठेवला. कायद्याने तो द्यावाच लागतो. मी ‘मॅडम, मॅडम’ करत होते, त्यांना ते सहन होईना. शेवटपर्यंत त्या मला नावाने हाक मारत राहिल्या आणि मी त्यांना कशानेच नाही.

मग कागद सुरू झाले. कराराचा नमुना लॉ सोसायटीने ठरवलेला, छापील. सर्वसाधारण अटी सगळ्यांना सारख्या. आपल्या व्यवहारापुरतं जे वेगळं, ते ‘स्पेशल कंडिशन्स’मध्ये लिहायचं. त्यामुळे दोन्ही वकील छापील पानं चटकन उलटतात आणि डोळे नेमके तिथे रोवतात. प्रश्नांची यादीही सोसायटीचीच: रस्ता कोणाच्या ताब्यात, सांडपाणी कुठे जातं, शेजाऱ्याचा वहिवाटीचा हक्क आहे का, बांधकामाला परवानगी होती का. 2019 पासून ही तपासणी सहीच्या आधी उरकतात. आमचं गाडं त्यातच अडलं. मागे वाढवलेल्या स्वयंपाकघराला परवानगीचा कागद नव्हता. मागच्या बाजूला 40 चौरस मीटरपर्यंतच्या वाढीला सहसा परवानगी लागत नाही, पण ‘लागत नाही’ असं आर्किटेक्टने लिहून द्यावं लागतं. तो कागद यायला पाच आठवडे गेले. समोरच्या सॉलिसिटरला घाई नव्हती. आम्हाला होती, कारण भाड्याचं घर सोडायची नोटीस देऊन बसलो होतो.

दुसरी गंमत लग्नाची. 1976 च्या कायद्याने राहतं घर जोडीदाराच्या लेखी संमतीशिवाय विकता किंवा गहाण टाकता येत नाही. म्हणून विकणाऱ्यालाही आपल्या लग्नाचा हिशोब द्यावा लागला आणि गहाणखतासाठी आम्हालाही. शपथपत्र आपल्याच सॉलिसिटरसमोर करायचं नाही, म्हणून चार दारं पलीकडच्या दुसऱ्या सॉलिसिटरकडे गेलो. त्याने आमच्या विवाह नोंदणीच्या दाखल्यावरचं मराठी इतक्या गंभीरपणे पाहिलं की मला हसू आवरेना. बाबांनी नाशिकहून पाठवलेल्या पैशांची कुंडली वेगळीच: बक्षीसपत्र, त्यांचं बँक स्टेटमेंट, आमची सहा महिन्यांची स्टेटमेंटं.

खरी भीती डिपॉझिटची. किमतीच्या 10 टक्क्यांतलं बुकिंगचं वजा करून उरलेले पैसे वकीलबाईंच्या ‘क्लायंट अकाउंट’मध्ये टाकायचे होते. फोनवर बाबा म्हणाले, “बाईच्या खात्यात? पावती कोण देणार?” हे खातं सॉलिसिटरच्या स्वतःच्या पैशांपासून वेगळं ठेवावं लागतं, सोसायटीचे लोक ऑफिसात येऊन हिशोब तपासतात आणि कोणी पैसे हडपलेच तर भरपाईचा निधी आहे, हे मी त्यांना सांगितलं. पटलं नाही. पैसे पाठवायच्या दिवशी खाते क्रमांकाची ईमेल आली. ईमेल हॅक करून खोटे क्रमांक पाठवण्याचे प्रकार घडतात, म्हणून मी पहिल्या भेटीत घेतलेल्या नंबरवर फोन लावून एकेक आकडा वाचून घेतला. वकीलबाई म्हणाल्या, रोज सगळ्यांनी असं केलं तर मी सुखाने झोपेन.

बँकेने आमच्या घरासाठी स्वतःचा वकील नेमलाच नाही, याचं मला अजून नवल वाटतं. राहत्या घरांच्या कर्जासाठी बँका आणि लॉ सोसायटी यांच्यात ठरलेली पद्धत आहे. कर्जदाराचाच सॉलिसिटर बँकेला लिहून देतो की मालकी हक्क निर्वेध आहे, गहाणखत मी नोंदवीन. या लेखी शब्दाला ‘अंडरटेकिंग’ म्हणतात, आणि त्यावर बँक लाखो युरो सोडते. समोरचा सॉलिसिटरही तसाच शब्द देतो, की विकणाऱ्याचं जुनं कर्ज फेडून घर मोकळं करीन. शब्द मोडला तर ते गैरवर्तन ठरतं, सनदेवर येतं. आमच्याकडे सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत अंगठा, फोटो आणि दोन साक्षीदार लागतात. इथे मी कुठल्याही कचेरीची पायरी चढले नाही. एक टक्का मुद्रांक शुल्कही वकीलबाईंनीच भरलं. शेवटच्या सह्या करून ब्लॅकहॉल प्लेसवरून ट्रामकडे चालले, तेव्हा लॉ सोसायटीची ती जुनी दगडी इमारत वाटेत लागली. पूर्वी तिथे ब्लू कोट शाळा होती. फोटो काढला, तोही हात हलल्यामुळे धूसर.

किल्ली एजंटाच्या टेबलावरून मिळाली, लिफाफ्यात, बिना समारंभाची. नोंदणीला आणखी काही महिने लागले. मग मालकीची नोंद ठेवणाऱ्या ‘टॉल्चे एरन’ या सरकारी संस्थेकडचा फोलिओ, म्हणजे इथला उतारा, आला, त्यावर आम्हा दोघांची नावं. मी लगेच बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला. बराच वेळ निळ्या खुणा नुसत्याच दिसत राहिल्या. मग फोन आला.

“उतारा चांगलाय. पण तलाठ्याची सही कुठंय?”