पाचपटीचा लिलाव

जी मासळी विकली जाऊ नये म्हणून मी बंदरावर गेले होते, तीच मला उभं राहून विकावी लागली. हे आमच्याकडे नवीन नाही. जप्त केलेली मासळी ठेवणार कुठे? म्हणून जागेवरच लिलाव करायचा आणि पैसे सरकारजमा करायचे. पण त्या दिवशीचा लिलाव अजून डोक्यातून जात नाही.

मी पालघर जिल्ह्यात मत्स्यव्यवसायाची परवाना अधिकारी आहे. आम्ही दिवसभर स्पीडबोटीतून चोर पकडत फिरतो असं नातेवाइकांना वाटतं. प्रत्यक्षात परवान्यांची नूतनीकरणं आणि डिझेल कोट्याचे कागद यांतच आठवडा संपतो. बंदरं अनेक आणि माणूस एक. त्यामुळे आम्ही बहुधा फोन आला की जातो.

ऑगस्टचा पहिला आठवडा होता. 1 जून ते 31 जुलै ही पावसाळी बंदी नुकतीच उठली होती. इथले जुने मच्छीमार नारळी पौर्णिमेआधी होडी लोटत नसत. आजही कित्येक गावं म्हणतात, बंदी निदान 15 ऑगस्टपर्यंत वाढवा, कारण सुरुवातीच्या फेऱ्यांत पापलेटची पिल्लं फार मरतात. खात्याला अक्कल शिकवणाऱ्यांमध्ये या लोकांचं मला पटतं.

डोलीच्या बोटीतून पापलेटची पिल्लं उतरताहेत असा फोन आला. करणारा दालद्याचा माणूस होता. दालदा म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं जाळं. त्याचे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, मोठे असतात, त्यात मोठं पापलेट अडकतं आणि पिल्लू निसटून जातं. डोलीचं तसं नाही. ती समुद्रात खुंटांना बांधलेली लांबलचक पिशवी, तोंडाशी मोठ्या आसांची आणि खोल्यात, म्हणजे शेवटच्या बंद टोकाशी, अगदी बारीक. भरती-ओहोटीचं पाणी जे आणील ते त्या खोल्यात दाबून बसतं. ती लावतात बोंबील आणि जवळ्यासाठी, पण पापलेटचं पिल्लू किनाऱ्याजवळच वाढतं, तेही त्यातच सापडतं. म्हणजे डोलीवाल्याने आज पिल्लू मारायचं आणि दालदेवाल्याने वर्षाने रिकामं जाळं ओढायचं. त्याचा राग मला समजतो.

धक्क्यावर पोचले तेव्हा बोंबलाचे टब उतरत होते आणि बाजूला पापलेटचे दोन क्रेट बर्फात वेगळे काढून ठेवले होते. तळहातापेक्षा लहान. नोव्हेंबर 2023 च्या अधिसूचनेने 54 जातींचं किमान आकारमान ठरवलं; पापलेटचं 135 मिलिमीटर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं होतं. मान मिळाला, मोजपट्टीही मिळाली.

मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. लांबी धरायची तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. पापलेटची शेपटी खोल दुभंगलेली असते आणि तिचं खालचं पातं जास्त लांब. बर्फात दाबलं की पहिलं तेच मोडतं. मग जो मासा पाण्यात 138 होता तो धक्क्यावर 131 भरतो. डोलीवाल्या नाखव्याने नेमकं तेच धरलं. मी मोडक्या शेपटीचे सगळे मासे बाजूला काढले, ते मोजणीत धरले नाहीत, आणि उरलेल्यांची फळीवर एकेक करून लांबी लिहून घेतली. बहुतेक 110 ते 125 च्या आत. शेपटीचा वाद तिथेच संपला. खात्यातून मिळालेली पट्टी ओली झाली की आकडे पुसतात, म्हणून मी स्वतःच्या पैशाने स्टीलची घेतली आहे. फळीही माझीच.

“मॅडम, डोलीला काय डोळे असतात?” नाखवा म्हणाला. “वर येईपर्यंत मेलेलंच असतं. परत टाकलं तर जगणार हाय काय?”

जगणार नव्हतंच. 135 ची रेघही खरं तर उदार आहे. अंडी घालण्याच्या वयाला येईपर्यंत पापलेट याहून बरंच मोठं होतं. पण हे मी त्याला सांगून काय उपयोग?

पंचनामा झाला, लिलाव पुकारला. इथून पुढचं कायद्याच्या पुस्तकात नाही. दंड ठरतो मासळीच्या किमतीवर, पाचपटीपर्यंत, आणि किंमत ठरते लिलावात. म्हणजे कोणी दहा रुपयांनी बोली चढवली की नाखव्याच्या डोक्यावर पन्नासपर्यंत चढणार. हे मला ठाऊक होतं. धक्क्यावरच्या प्रत्येक बाईला माझ्याहून पक्कं ठाऊक होतं.

पहिली बोली इतकी कमी आली की मी ती पुन्हा विचारली. रोज किलोमागे पाच रुपयांवरून एकमेकींच्या आया काढणाऱ्या बाया गप्प. बाहेरगावचा एक व्यापारी बर्फाच्या गाडीपाशी उभा होता, त्याने दुप्पट बोली लावली. एक काकी टोपली खाली ठेवून म्हणाली, “भाऊ, उद्या पण इथंच येणार ना माल घ्यायला?” तो हसला आणि फोन काढून बाजूला गेला. मी तीनदा पुकारलं. गर्दीत फोन करणारा दालदेवाला उभा होता. आवाज मी ओळखला होता, तोंडही ओळखीचं. त्यानेही बोली लावली नाही. पायाच्या अंगठ्याने शंख उकरत होता.

बाहेर हा माल ज्या भावाने जातो त्याच्या चौथ्या हिश्शावर लिलाव सुटला. घेतला त्याच काकीने, पावती माझ्या सहीची. ती आता ही पिल्लं बाजारात बसून विकणार आणि कुणी अडवलं तर माझी पावती दाखवणार.

दंडाचा निर्णय 2021 च्या दुरुस्तीनंतर तहसीलदारांऐवजी आमच्या सहायक आयुक्तांकडे असतो. फाइल वर गेली आणि शेरा आला: किंमत बाजारभावाने का धरली नाही? कुठल्या बाजारभावाने? मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर सुपर, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर असे भाव असतात. 135 च्या खालच्या पापलेटचा भाव तिथे लिहिलेला नसतो, लिहिताही येत नाही. वातानुकूलित खोलीत शेरे सुचतात भराभर.

खुलाशात ‘उपस्थितांनी संगनमत केले’ असं लिहायचं की ‘बोलीस प्रतिसाद अल्प’ असं, यावर मी बराच वेळ घालवला. पहिलं लिहावं तर पुरावा काय? कोणी बोललं नाही हा पुरावा होत नाही. शेवटी दुसरं लिहिलं. तरी तो दालदेवाला मला सुटत नाही. शेजाऱ्याची तक्रारही त्यानेच केली आणि त्याला वाचवायलाही तोच उभा राहिला. मला वाटतं त्याला पिल्लं मरायला नको होती आणि शेजारीही बुडायला नको होता, आणि आमच्या कायद्यात या दोन्हींची एकत्र सोय नाही. खोल्याचे आस मोठे करायला लावले तर कदाचित होईल, पण मग बोंबील आणि जवळा घेऊन बसणाऱ्या बाया मला धक्क्यावर पाऊल ठेवू देणार नाहीत.

पुढच्या वेळी जप्त माल दुसऱ्या बंदरावर नेऊन लिलाव करावा असं मी सुचवलं आहे. वरून होकार आला. टेम्पोचं भाडं आणि बर्फ कुठल्या खर्चात टाकायचं, ते कळवलेलं नाही.