चकचकीत चेन आणि फुटलेलं केसिंग

दिवाळीच्या सुट्टीतला शनिवार होता. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या खोळंबलेल्या, आणि त्यातून वाट काढत एक एटीव्ही, म्हणजे पर्यटकांना पुळणीवर फिरवणारी चार जाड चाकांची गाडी, टेम्पोत घालून गॅरेजला आली. चेन तुटून पुढच्या स्प्रॉकेटपाशी, म्हणजे ती फिरवणाऱ्या दातेरी चक्रापाशी, गोळा झाली होती. इंजिनच्या केसिंगला (बाहेरच्या कवचाला) बोटभर चीर गेलेली, तिथून इंजिन ऑइल ठिबकत होतं.

असली गाडी किनाऱ्यावर नवलाची नाही. वाळू खाऊन चेन वाढते, स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झुकतात, मग एखाद्या दिवशी चेन दात सोडून केसिंगवर आपटते. पण ही चेन लखलखीत होती. गंजाचा ठिपका नाही, वाळूचा कण नाही.

मालक म्हणाले, "मिस्त्री, चेन डुप्लिकेट लागली बघा. मे महिन्यात तर टाकलीय."

डुप्लिकेट मालाचा संशय नेहमी खोटा नसतो, पण आधी माप घेतलेलं बरं. चेन ४२८ नंबरची. तिचा पिच, म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर, १२.७ मिमी, म्हणजे वीस पिच मिळून २५४ मिमी. चेन ताणून धरायची आणि एका पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत स्टीलची पट्टी लावायची. २५९ च्या पुढे गेली तर दोन टक्के वाढली, ती बाद. ही भरली २५५. स्प्रॉकेटचे दात दोन्ही बाजूंनी सारखे होते. चेनची दोन टोकं जोडणारं चेन लॉक शाबूत, त्याची क्लिपही बरोबर दिशेला.

चेन फार टाईट असेल तर खड्ड्यात मागचा स्विंगआर्म (मागची चाकं धरणारा, वर-खाली होणारा हात) वर जाताना ती आणखी ताणते आणि तुटते, म्हणून बेअरिंग कॅरिअर (मागचा दांडा धरणारा भाग, तो हलवून चेनचा ताण बसवतात) न हलवता त्यावर दुसरी चेन चढवून बघितली. खालच्या बाजूला मधोमध वर-खाली ३० मिमी प्ले, म्हणजे ढिलाई, आला. या गाडीला २५ ते ३५ लागतो. म्हणजे टाईटही नव्हती. अॅक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा दांडा, धरून हलवला, बेअरिंग घट्ट. एटीव्हीचा मागचा अॅक्सल एकसंध असतो, त्यामुळे बाईकसारख्या डाव्या-उजव्या खुणा जुळवायची भानगड नसते. पण खाऱ्या पाण्याने बेअरिंग गेलं की अॅक्सल डुलतो आणि चेन तिरकी चालते. इथं तेही नव्हतं.

मग तुटलेली प्लेट उजेडात धरली. ओढून तुटलेली प्लेट आधी ताणते, पिनचं भोक लांबट होतं, तुटल्या जागी धातू निमुळता होतो. हिचं भोक गोलच्या गोल. तुटलेली बाजू सपाट आणि दाणेदार, आणि भोकाच्या कडेला त्यावर तपकिरी चंद्रकोर. तपकिरी भाग म्हणजे आधीच गेलेला तडा, त्यात ओल शिरून गंज धरलेला. उरलेला पांढरा दाणेदार भाग त्या दिवशी सकाळी तुटला. पिनांची डोकी भिंग लावून पाहिली तर चमक वरवरची, खाली बारीक खड्डेच खड्डे. काही कड्या वाकवल्या तर वाकलेल्याच राहत होत्या.

बरोबर आलेल्या पोराला विचारलं, "चेन कशाने धुतली रे?"

"संडास धुवायचं असतं ना दादा, त्यात रात्रभर टाकून ठेवली. सगळा गंज गेला!"

संडास साफ करायच्या त्या बाटलीत बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. गंज ते खातं हे खरं, पण गंज संपला की पोलादावर चढतं, आणि त्या क्रियेत हायड्रोजन सुटतो. त्यातला काही पोलादाच्या आत शिरतो. चेनच्या प्लेटा आणि पिना कडक केलेल्या असतात, आणि पोलाद जितकं कडक तितका हायड्रोजन त्याला जास्त बाधतो. ते ठिसूळ होतं आणि नेहमीच्या ताणाच्या कितीतरी आत तडकतं. लगेच तुटेल असंही नाही. चेन चढते, गाडी चालते, आणि नंतर कधीतरी भोकाच्या कडेला तडा जातो. कारखान्यात कडक पोलाद आम्लातून काढलं तर भट्टीत तापवून हायड्रोजन घालवतात. गॅरेजमध्ये ते शक्य नाही, आणि तडा गेल्यावर उपयोगही नाही. शिवाय चेन पाण्याने कितीही धुतली तरी पिन आणि तिच्याभोवतीची नळी म्हणजे बुश, यांच्या फटीत आम्ल उरतं आणि आतून खात राहतं.

या चेनला ओ-रिंग (पिनांभोवतीच्या रबरी चकत्या) नव्हत्या. ओ-रिंगच्या चेनमध्ये ग्रीस आत बंद असतं, पण म्हणून तिला आम्ल सोसतं असं नाही. बाहेरच्या प्लेटा तशाच उघड्या असतात.

पुढचा प्रश्न ओघानेच आला: त्या टबात आणखी कुणाच्या चेन होत्या? उत्तर आलं, किनाऱ्यावरच्या बाकी तीन गाड्यांच्या. त्या गाड्या त्या क्षणी सवाऱ्या घेऊन पळत होत्या. फोन करून थांबवल्या, चेन मागवल्या.

डोळ्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून जुना इलाज केला. चेन रॉकेलमध्ये बुडवून ठेवली (रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेलवरही भागतं), कोरड्या फडक्याने खडखडीत पुसली आणि प्लेटांवर खडूची बारीक पूड चोळली. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर केसाएवढी ओली रेघ उमटते. दोन चेनवर अशा रेघा उमटल्या, सगळ्या पिनच्या भोकापासून निघालेल्या. तिसरीवर नव्हत्या, पण तीही बाद केली. ही तपासणी पृष्ठभागापर्यंत आलेला तडाच दाखवते, पिन बुशच्या आत तडकली असेल तर नाही. मालकांनी तोंड वाकडं केलं. चारही चेन ग्राइंडरने मधोमध कापल्या, नाहीतर हंगामाच्या घाईत कुणीतरी परत चढवतं.

केसिंगची चीर साफ करून दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग आर्गन वेल्डिंग करून घेतलं.

नव्या चेन ४२८ एच टाकल्या, एच म्हणजे जाड प्लेटा. नव्या चेनवर कंपनीचं ग्रीस असतं, ते धुवायचं नाही, फक्त बाहेरून पुसायचं. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला जाते त्या दिशेला, म्हणजे वरच्या बाजूला बघितलं तर पुढे. प्ले मोजताना चाक फिरवत चार-पाच जागी मोजायचा आणि जिथं चेन सर्वात टाईट असेल तिथं बसवायचा.

पोराला रोजचं काम असं लावून दिलं: संध्याकाळी गाड्या आल्या की चेन गोड्या पाण्याने धुवायची, पण नळीच्या साध्या धारेने. प्रेशर वॉशर वाळू आणि खार उलट आत ढकलतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात पस्तीसेक ग्रॅम मीठ असतं, आणि सुकलेलं मीठ इथल्या दमट हवेत परत ओल धरतं, म्हणून हे काम सकाळवर टाकायचं नाही. मग डिझेल आणि नायलॉनचा ब्रश, तारेचा नाही. पुसून कोरडी झाली की मेणाचा स्प्रे खालच्या पट्ट्यात आतल्या बाजूने, दोन्हीकडे प्लेटांच्या फटीत, चाक हाताने फिरवत. वीस मिनिटं मुरू द्यायचं आणि वरचं सगळं पुसून टाकायचं.

गॅरेजचं काळं ऑइल चेनवर ओतायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. पुळणीवर त्याइतकं वाईट काही नाही, वाळू त्याला चिकटून पॉलिश पेपर तयार होतो. गंज सोडवायचा पातळ स्प्रेही वंगण नव्हे, तो उडून जातो आणि चेन कोरडी राहते.

मुळात गंज आला तो पावसाळ्यात, चेन गाडीवर तशीच राहिल्याने. या चार गाड्यांसाठी आता पत्र्याचा झाकणाचा डबा ठेवलाय. मे अखेरीस चेन काढायच्या, डिझेलने धुऊन वाळवायच्या, ९० नंबरच्या गिअर ऑइलमध्ये पूर्ण बुडवून डबा बंद करायचा. त्या काळात वाळूशी संबंध नसतो, तेव्हा चिकट तेल चालतं. हंगामाआधी निथळून, पुसून चढवायच्या. वरचा तांबूस गंज दिसला तर डिझेल आणि ब्रशने जाईल तेवढा जाऊ द्यायचा, डाग राहिले तर राहू द्यायचे. प्लेटेवर खड्डे पडले असतील किंवा डिझेलनंतरही कडी वाकलेलीच राहत असेल तर चेन बदलायची.