दिवसाला तीन गाड्या: तादामी लाइनवर साडेचार तास

पहाटे साडेपाचला जपानमधल्या आइझु-वाकामात्सु स्टेशनात शिरलो तर माझ्याआधी पंधरा-वीस जण रांगेत. बहुतेकांच्या गळ्यात कॅमेरा. तादामी नावाच्या या रेल्वेमार्गाची गाडी दोन डब्यांची, डिझेलची, आणि रिझर्व्हेशन वगैरे भानगड नाही. पॅसेंजरमध्ये रुमाल टाकून जागा धरण्यात ज्याचं बालपण गेलं त्याला चिंता कसली? खिडकी मिळाली. नदी डावीकडे की उजवीकडे, याचा आदल्या रात्री नकाशा उघडून अभ्यासही केला होता. तो वाया गेला. तादामी नदीवर या मार्गाचे एक ते आठ असे क्रमांक दिलेले पूल आहेत. दर थोड्या वेळाने नदी बाजू बदलते आणि सगळा डबा इकडून तिकडे धावतो.

वाकामात्सु ते कोइदे १३५.२ किलोमीटर. लागतात साधारण साडेचार तास, म्हणजे ताशी तीसचा वेग. ज्या देशात बुलेट ट्रेन धावते, त्याच देशात! या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या गाड्या दिवसाला तीन. मधल्या स्टेशनावर मोह होऊन उतरलात, तर पुढचा अर्धा दिवस तिथेच काढायचा.

म्हणून वाटेतलं यानाइझु गाव मी आदल्या दिवशीच उरकून घेतलं होतं. नदीच्या कड्यावर एन्झोजी हे जुनं देऊळ आहे आणि देवळाखालच्या रस्त्यावर गरम ‘आवा मांजू’ विकतात. चिकट तांदूळ आणि राळे यांचं पिवळं आवरण, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण. हो, आपले राळेच. जपानीत राळ्यांना ‘आवा’ म्हणतात आणि ‘आवानाइ’ म्हणजे गाठ न पडणे. गावात मोठी आग लागून गेल्यावर, पुन्हा संकटाशी गाठ पडू नये म्हणून हे मांजू देवाला वाहिले, अशी गोष्ट सांगतात. शाकाहारी माणसाला जपानच्या खेड्यात असं काही सापडणं हीच देवाची कृपा. चार बांधून घेतले.

मियाशिताच्या अलीकडे पहिला पूल येतो. कमानीचा, खाली हिरवंगार संथ पाणी, त्यावर धुकं. पोस्टरवर दिसतो तो हाच. गंमत अशी, की गाडीत बसलेल्याला तो दिसतच नाही! तो पाहायचा तर समोरच्या डोंगरावर चढून गाडीची वाट पाहत बसायचं. आम्ही खिडकीतून डोंगरावर बसलेल्यांचे फोटो काढत होतो, ते तिकडून आमचे.

पाणी इतकं संथ का, याचं उत्तर या रेल्वेच्या इतिहासातच आहे. १९२६ मध्ये वाकामात्सुकडून गाडी सुरू झाली ती बांगेपर्यंत, १९२८ मध्ये यानाइझु, १९४१ मध्ये मियाशिता, १९५६ मध्ये कावागुची. तीस वर्षांत जेमतेम साठ किलोमीटर. पुढचा तुकडा मात्र माणसांसाठी बांधलाच नव्हता. वर तागोकुरा धरण उभं राहत होतं. युद्धानंतरच्या जपानला वीज हवी होती, आणि धरणाचं सामान वाहण्यासाठी वीज कंपनीने स्वतःची रेल्वे टाकली. धरण झालं, तागोकुरा गाव पाण्याखाली गेलं, आणि १९६३ मध्ये त्याच रुळांवरून प्रवासी गाड्या तादामीपर्यंत धावू लागल्या. नदीवर ठिकठिकाणी धरणं आहेत, म्हणून ती वाहताना दिसत नाही, साचल्यासारखी दिसते. डब्यात सगळे ‘सुंदर, सुंदर’ म्हणत होते. मीही म्हणत होतो. धरणग्रस्त हा शब्द मात्र डोक्यातून जाईना.

कावागुची स्टेशन अगदी पाण्याच्या काठावर. इथून तादामीपर्यंतचे २७.६ किलोमीटर अकरा वर्षं बंद होते. २०११ च्या जुलैअखेरीस अतिवृष्टी झाली आणि नदीने पूल वाहून नेले. भूकंप आणि त्सुनामीचंच ते वर्ष, तोच फुकुशिमा प्रांत. या पट्ट्यात आधीच्या वर्षी दिवसाला सरासरी ४९ प्रवासी होते. एकोणपन्नास! रेल्वे कंपनी म्हणाली, बस चालवू. हिशेब चुकीचा नव्हता. पण गावं आणि प्रांत अडून बसले. शेवटी २०१७ मध्ये तोडगा निघाला: रूळ, पूल, स्टेशनं प्रांताच्या मालकीची आणि गाडी कंपनीने चालवायची. देखभालीचा खर्च प्रांत आणि आसपासची गावं मिळून उचलतात. १ ऑक्टोबर २०२२ ला गाडी पुन्हा सुरू झाली.

हा मार्ग त्याआधीही एकदा वाचला होता. १९८० च्या दशकात सरकारी रेल्वेने तोट्यातले मार्ग धडाधड बंद केले, तेव्हा हा सुटला तो बर्फामुळे. तादामीहून पलीकडे जाणारा २५२ क्रमांकाचा रस्ता हिवाळाभर बंद असतो. मग रेल्वे काढून माणसांनी जायचं कशाने? ज्या बर्फाच्या नावाने इथली माणसं बोटं मोडत असतील, त्यानेच त्यांची गाडी राखली.

शेतात वाकलेल्या एक आजी कंबर सरळ करून हात हलवत होत्या. पुढे एका दुकानाबाहेर दोघं, मग एका घराच्या गॅलरीत एक बाई, कडेवर मूल. तादामी गावाने तर गाडीला हात करावा असा चक्क नियमच केला आहे. न करणाऱ्याला दंड नाही. शेजारचे जपानी काका इतका वेळ माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, पण प्रत्येक हाताला उत्तर देत होते. मीही सुरू केलं.

तादामीला गाडी बराच वेळ थांबते. मग रोकुजुरिगोएचा बोगदा, ६,३५९ मीटर. हा १९७१ मध्ये झाला तेव्हा दोन्हीकडून अडलेली लाइन एकदाची जुळली. नावाचा अर्थ साठ ‘री’ची (री म्हणजे अंतराचं जुनं जपानी माप) खिंड, खरं अंतर सहाच री, पण चढ असा की साठ वाटावेत, असं म्हणतात. बोगद्याच्या तोंडाशी तागोकुरा नावाचं स्टेशन होतं, बुडालेल्या गावाचं नाव लावून धरणाच्या काठावर बसलेलं. तेही २०१३ मध्ये बंद झालं. मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. काँक्रीटचं काहीतरी सर्रकन मागे गेलं आणि अंधार झाला.

बाहेर आलो तो निईगाता प्रांत. उओनुमाची भातखाचरं, कापणी झालेली. कोइदेला उतरताना काकांना उरलेला एक मांजू दिला. “यानाइझुचा?” एवढंच म्हणाले, आणि तिथेच फलाटावर उभ्याने खाल्ला.