घरचा सांबा सर्व्हर: 'ऱ'वर अडलेली गाडी सुटली

गोव्यातल्या डिचोलीच्या घरातला जुना डेस्कटॉप आता डेबियन लिनक्सवर सांबा चालवतोय, म्हणजे घरातल्या सगळ्या मशीनना नेटवर्कवरून फायली वाटून देणारा प्रोग्रॅम. माझा लॅपटॉप विंडोज ११ प्रो, भावजींचा मॅक. गावच्या घुमट आरत्यांची (घुमट या मातीच्या वाद्यावर म्हटल्या जाणाऱ्या) सगळी रेकॉर्डिंग्ज चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, एका फोल्डरात आणायची आहेत.

जोडणी झाली. २४एच२ अपडेटनंतर विंडोज प्रो गेस्ट शेअर (बिनपासवर्डचं सामायिक फोल्डर) उघडत नाही, म्हणून सांबाची smbpasswd ही कमांड वापरून प्रत्येकाला खातं दिलं. 'नेटवर्क'मध्ये मशीन दिसत नव्हतं, ते डब्ल्यूएसडीडी हा विंडोजला मशीनची ओळख देणारा छोटा प्रोग्रॅम टाकल्यावर दिसलं. त्यासाठी एसएमबी १ (फायली वाटण्याच्या पद्धतीची जुनी, असुरक्षित आवृत्ती) चालू करा असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच दारातून पसरला. मॅकशी नीट जुळावं म्हणून सांबाचं फ्रूट मॉड्यूल लावलं.

खरा वेळ गेला तो फायलींच्या नावांत. 'दुसऱ्या दिवसाची आरती' ही फाईल एकाच फोल्डरात दोनदा दिसायची, अक्षर न् अक्षर तेच. युनिकोडमध्ये 'ऱ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध, किंवा 'र' आणि खाली नुक्ता. भावजींची जुनी डिस्क एचएफएस प्लस या मॅकच्या जुन्या फॉरमॅटची, ती नावं फोडूनच साठवते. त्यांची रेकॉर्डिंग्ज आरसिंक या कॉपी करण्याच्या कमांडने आली ती तशीच फोडलेल्या नावांनी. माझी विंडोजवरून आली ती एकसंध 'ऱ'ची. मॅकला दोन्ही सारखीच, पण लिनक्स फक्त बाइट बघतो, त्याच्या लेखी या दोन वेगळ्या फायली. विंडोजवरून शोधलं तर भावजींची निम्मी रेकॉर्डिंग्ज सापडायचीच नाहीत.

उपाय कन्व्हएमव्ही या फायलींची नावं बदलणाऱ्या कमांडचा, एनएफसी (म्हणजे एकसंध रूप) पर्याय लावून. आधी नुसतं चालवा, काय बदलणार ते तो दाखवतो. यादी नीट वाचा आणि मगच नोटेस्ट पर्याय जोडा, तेव्हा नावं खरोखर बदलतात. जिथे दोन्ही रूपं हजर होती तिथे मी आधी दोन्ही फायली ऐकून एक बाजूला काढली. काही ठिकाणी ती खरोखरच वेगळी रेकॉर्डिंग्ज निघाली, तेव्हा घाईने पुसू नका.

मराठी नावं ठेवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. ईएक्सटी४ या लिनक्सच्या डिस्क फॉरमॅटवर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा. एकट्या 'दुसऱ्या'चे २१ होतात, फोडलेल्या रूपात २४. म्हणजे २५५ बाइटांत सगळी मिळून ८५ चिन्हं. विंडोजवर बिनतक्रार चालणारं लांबलचक नाव इथे कॉपीच होत नाही. म्हणून वाडा, वर्ष आणि शामेळ-कासाळे (साथीचा ढोल आणि झांजा) कोणी वाजवलं ते आता फोल्डरच्या नावात आणि सोबतच्या टेक्स्ट फाईलमध्ये जातं.

पुढचं काम यूपीएसचं. पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि कॉपी चालू असताना डिस्क बंद पडू द्यायची नाही.