२३ मायक्रोअँपची जादू

गेला आठवडाभर गिटारचा एक अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) माझ्या बेंचवर उघडा पडलाय आणि त्याच्या मालकाला काय सांगायचं ते अजून ठरत नाहीये, म्हणून इथे लिहून बघतोय.

मी गिटार अ‍ॅम्प दुरुस्त करतो. बरेचसे लोकांनी घरी बांधलेले असतात. असा अ‍ॅम्प उघडला की माणसाने कुठे जीव ओतला आणि कुठे कंटाळा केला ते दोन मिनिटांत कळतं. हा फेंडरच्या १९५० च्या दशकातल्या ५ई३ डिलक्सच्या सर्किटवर बांधलेला होता, दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब (व्हॅक्यूम ट्यूब), कॅथोड बायस (ट्यूबमधून किती करंट वाहायचा ते तिच्या कॅथोडला लावलेला रेझिस्टर ठरवतो), बारा-पंधरा वॉट. वायरिंग इतकं देखणं की मला माझीच लाज वाटली. तक्रार अशी होती, "दादा, अर्धा तास वाजवला की हम वाढतो आणि एक ट्यूब लाल व्हायला लागते. दोनदा जोडी बदलली, तरी तेच." हम म्हणजे स्पीकरमधली गुणगुण, आणि ट्यूब लाल होते म्हणजे जास्त करंटने तिची आतली प्लेट तापून निखाऱ्यासारखी दिसते.

शेजारच्या बेंचवरचा आमचा माणूस न बघताच म्हणाला की तिसरी जोडी लाव आणि मोकळा हो. हा गृहस्थ ट्यूब बदलण्यालाच दुरुस्ती म्हणतो.

मी दिवे बंद केले, अ‍ॅम्प तापू दिला, लाल होणारी ट्यूब कोणती ते पाहिलं, आणि मग गार झाल्यावर दोन्ही ट्यूबची जागा बदलली. लाली ट्यूबबरोबर गेली नाही, सॉकेटपाशीच थांबली. म्हणजे ट्यूबा बिचाऱ्या निर्दोष.

मग नजर गेली दोन जाडजूड कपॅसिटरवर. पेपर-इन-ऑइल, जुन्या साठ्यातले, धातूच्या नळीतले. पठ्ठ्याने ते महिनोन्‌महिने शोधून आणले होते, कारण कुठेतरी वाचलेलं की यांच्यात 'ऊब' असते. आता कपलिंग कपॅसिटरचं काम इतकंच की आधीच्या ट्यूबवरचा डीसी अडवायचा आणि सिग्नल पुढच्या ट्यूबच्या ग्रिडवर, म्हणजे करंट कमीजास्त करणाऱ्या जाळीवर सोडायचा. आवाजाच्या ज्या गप्पा चालतात त्यातलं निम्मं व्हॅल्यूत असतं. पुढचा ग्रिड रेझिस्टर २२० के (किलोओहम) असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरॅडला ३३ हर्ट्झच्या खाली बेस उतरायला लागतो, ०.१ ला ७ हर्ट्झच्या, आणि गिटारची जाड ई असते ८२ वर. हे गणित कोणी करत नाही, सगळे कपॅसिटरचा रंग विचारतात.

कपॅसिटन्स मीटरवर दोन्ही ०.१ च्या आसपास, एकदम छान. ओहमवरही काही नाही. पण ओहमवर मीटर जेमतेम व्होल्टभर देतो, एवढ्यावर म्हातारा कागद गप्प बसतो, २०० व्होल्ट समोर आले की गळायला लागतो. म्हणून अर्धा तास अ‍ॅम्प तापवून बंद केला, फिल्टर कपॅसिटर (पुरवठ्याचा डीसी सपाट करणारे मोठे इलेक्ट्रोलिटिक, बंद केल्यावरही भरलेले राहतात) डिस्चार्ज केले, परत मोजले (परत मोजायचेच, कारण डिस्चार्ज केलेल्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये थोडे व्होल्ट आपोआप परत येतात आणि हात तिथेच असतो), आणि प्लेटकडच्या (लाल ट्यूबला जाणाऱ्या) कपॅसिटरचं ग्रिडकडचं टोक सोल्डरमधून सोडवलं. अ‍ॅम्प चालू केला, सुटलेलं टोक आणि चेसिस यांच्यामध्ये डीसी मीटर लावला. चांगल्या कपॅसिटरला इथे क्षणभर आकडा उडतो आणि घसरत घसरत जवळपास शून्यावर येतो. हा चढला आणि १०७ वर बसून राहिला!

मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगाओहम, प्लेटवर २०० व्होल्ट, म्हणजे ज्याच्यातून डीसी जायलाच नको तो कपॅसिटर साडेआठ-पावणेनऊ मेगाओहमचा रेझिस्टर होऊन बसलेला. टोक परत जोडल्यावर त्यातून २३ मायक्रोअँप जात होते. ऐकायला किती फालतू वाटतं. पण ते २२० के मधून गेले की ग्रिडवर पाच व्होल्ट पॉझिटिव्ह उभे राहतात, आणि एकंदर बायसच, म्हणजे ग्रिड कॅथोडपेक्षा जेवढा निगेटिव्ह ठेवून ट्यूबचा करंट आवरतात तो, वीस व्होल्टचा.

यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. दोन्ही कपॅसिटर सारखेच गळके होते, तरी एकच ट्यूब लाल का? तर या सर्किटमध्ये फेज इन्व्हर्टर (सिग्नलच्या एकमेकांच्या उलट दोन प्रती करणारा) एकाच ट्रायोड ट्यूबचा असतो, एक सिग्नल त्याच्या प्लेटवरून निघतो आणि दुसरा कॅथोडवरून. प्लेटवर २००, कॅथोडवर जेमतेम ५०. म्हणजे दुसऱ्याही बाजूला गळती होतीच, पण तिथे ग्रिडवर सव्वा व्होल्टच येत होता. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही अर्ध्या वाइंडिंगवरचा ड्रॉप मोजला, ज्याच्या त्याच्या रेझिस्टन्सने भागला (दोन्ही अर्धे सारखे नसतात, इथे पुष्कळ जण फसतात), तर दोन ट्यूबमध्ये १५ मिलिअँपचा फरक. ६व्ही६ ला प्लेटवर १२ वॉट धरायचे, गरम बाजू १४ च्या पुढे होती. हम वाढायचा तोही याचमुळे, पुश-पुलच्या (एक ट्यूब ढकलते तेव्हा दुसरी ओढते) दोन बाजू सारख्या असल्या तरच तो एकमेकांत विरतो.

आणि फिल्टर कपॅसिटर! तिथे काय तर ४५० व्होल्टचे, जे हाताला लागले ते. ट्रान्सफॉर्मर ३३०-०-३३० चा. ५वाय३ रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी ट्यूब) पटकन तापतो, ६व्ही६ ला दहा-बारा सेकंद जास्त लागतात, तोवर लोड नाही, व्होल्टेज ४६७ पर्यंत चढतो. म्हणजे प्रत्येक वेळी स्विच दाबला की त्या बिचाऱ्यांना मर्यादेपलीकडे ताणायचं. ऊब शोधायला महिने, आणि जिथे स्फोट होऊ शकतो तिथे पाच मिनिटंही नाहीत. घरी बांधणाऱ्या दहातल्या आठांचं हेच.

५०० व्होल्टचे फिल्टर बसवले. कपलिंगला साधे ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन, व्हॅल्यू मुद्दाम तीच ०.१, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. दोन्ही बाजू जवळपास सारख्या आल्या, हम गेला, लाली गेली. मी खूश.

तो आला, दहा मिनिटं वाजवलं, आणि म्हणाला, "दादा, साफ झालाय, पण मेलाय."

एरवी असं कोणी म्हटलं की मी मनातल्या मनात हसतो. या वेळी हसू आलं नाही, कारण मलाही फरक ऐकू आला होता. आणि तो का यावा हेही समजत होतं. बाजू असमान असल्या की सम हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे सूर) पूर्ण कटत नाहीत, ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये डीसी बसतो, कॉर्ड थोडी भरलेली, थोडी दाबलेली येते. कागद किंवा तेल यांचा संबंध असलाच तर एवढाच की ते गळत होतं.

मग मी एक उद्योग केला. नव्या प्लेटकडच्या कपॅसिटरला समांतर ४.७ आणि ३.९ मेगाओहम सिरीजमध्ये, मध्ये एक स्विच. म्हणजे जुन्या कपॅसिटरची नुसती गळती, बाकी काही नाही. त्याला पाठ करून बसवलं. स्विच फिरवला की स्पीकरमध्ये टुप्प व्हायचं, म्हणून बदलायचं असो वा नसो, दर वेळी कधी दोनदा कधी तीनदा फिरवायचो. पाच वेळा विचारलं. चार वेळा त्याने गळतीवालाच निवडला. पाचव्याला म्हणाला, नक्की नाही सांगता येत.

मी त्याला स्विच आणि ते दोन रेझिस्टर दाखवले. वाटलं, आता पटेल. तो जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे जवळ येतंय. पण रेझिस्टर नको, ते माझे कपॅसिटरच परत लावा ना." त्याने स्वतःच्याच कानांनी निवडलेली गोष्ट मी दाखवतोय आणि हा परत धातूच्या नळीकडे. राग आला, खोटं कशाला बोलू.

तरी रेझिस्टरचा मार्ग मी पूर्ण बंद केलेला नाही. कॅथोड रेझिस्टर २५० ओहमचा ३९० केला तर गरम बाजू १२ वॉटच्या आसपास राहते. पण मग दुसरी ट्यूब अर्धी झोपते, आणि असला अ‍ॅम्प माझ्या बेंचवरून मुद्दाम बिघडवून बाहेर गेला असं कोणी म्हणालं तर उत्तर काय देणार? त्याच्या हट्टात एक गोम आहे ती वेगळीच. रेझिस्टरची गळती दिवसभर तेवढीच राहते, कागदाची तापमानाबरोबर वाढते, आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर घेऊन जाते.

आज सकाळी ते दोघे जुने कपॅसिटर परत २०० व्होल्टवर टांगले, शेजारी पेटता बल्ब ठेवून. प्लेटकडचा सुरुवातीला मीटरवर ९० दाखवत होता. तासाभराने १२५. दोन्ही आकडे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी त्यांच्याच पाकिटात टाकलीये. शनिवारी तो येतोय, स्विच अजून चेसिसमध्ये लोंबकळतोय.