एका फोल्डरपायी अडकलेला शोधनिबंध

चलनाचा विनिमय दर घसरला की आयात मालाच्या किमती किती आणि किती वेगाने वाढतात, या विषयावरचा आमचा शोधनिबंध लिहून झाला होता आणि सहकाऱ्यांनी तो दोनदा तपासलाही होता. मध्यवर्ती बँकांतील आणि अर्थमंत्रालयांतील अभ्यासकांनी तो वाचावा, एवढीच अपेक्षा होती. ती वाट अडली ती आमच्याच संस्थेच्या संगणक विभागात, आणि तीही एका फोल्डरची यादी बाहेरून दिसू द्यायची की नाही या प्रश्नावर. त्या प्रकाराचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

या विषयात नियतकालिकात निबंध छापून येईपर्यंत वर्षे उलटतात, धोरण ठरवणारे मात्र तेवढे थांबू शकत नाहीत, त्यामुळे ते वाचतात ते वर्किंग पेपर, म्हणजे नियतकालिकात छापून येण्याआधीच खुले केलेले निबंध. त्यांची सर्वांत वजनदार मालिका अमेरिकेतील एनबीईआर या आर्थिक संशोधन संस्थेची. ही संस्था 1920 पासूनची आहे. युरोपात 1983 मध्ये स्थापन झालेल्या सीईपीआर या अर्थतज्ज्ञांच्या जाळ्याला तसेच स्थान आहे. मार्च 2020 मध्ये महासाथ पसरताच सीईपीआरने झटपट पारखलेल्या निबंधांचा खास संग्रह सुरू केला, तेव्हा हे जाळे किती वेगाने हलू शकते ते सर्वांनी पाहिले. परंतु या दोन्ही मालिका संस्थेशी संलग्न असलेल्या अर्थतज्ज्ञांसाठीच असतात आणि ती संलग्नता अर्ज भरून मिळत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाहेरच्यांसाठी रेपेक, म्हणजे अर्थशास्त्रातील निबंधांच्या माहितीचे सामायिक जाळे, आहे, आणि आम्ही तिकडे वळलो.

रेपेक 1997 मध्ये सुरू झाले आणि आजही मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालते. निबंध ते स्वतःकडे साठवत नाही. प्रत्येक संस्थेने आपल्या सर्व्हरवर एक फोल्डर ठेवायचा, त्यात प्रत्येक निबंधाची माहिती ठरलेल्या साच्यातील साध्या मजकुराच्या फाईलींत लिहायची, आणि रेपेकची यंत्रणा वेळोवेळी येऊन ती वाचून नेते. मग ती माहिती आयडियाज आणि इकॉनपेपर्स या सूचींमध्ये दिसू लागते. संस्थेला तीन अक्षरांचा संकेत मिळतो, मालिकेला सहा अक्षरांचा. हे सर्व विनाशुल्क आहे. आमचा संकेत मागितला आणि मिळाला. फाईली एका बैठकीत तयार झाल्या.

अडचण पुढे होती. रेपेकच्या यंत्रणेला फोल्डरमध्ये कोणत्या फाईली आहेत हे कळायचे, तर त्या फोल्डरची यादी बाहेरून उघडी हवी. आमच्या संगणक विभागाच्या सुरक्षा नियमांत कोणत्याही फोल्डरची यादी उघडी ठेवणे हा दोष मानला जातो. नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण उघड्या यादीतून नको त्या फाईली बाहेर पडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. परंतु आमच्या फोल्डरमध्ये लेखकांची नावे, शीर्षके, सारांश आणि दुवे यांपलीकडे काहीही नव्हते, आणि ते सर्व जगाने वाचावे म्हणूनच लिहिलेले होते. मी हे लेखी कळवले. उत्तर आले की विनंती अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात नाही. ठरलेल्या नमुन्यात ‘यादी उघडणे’ हा पर्यायच नव्हता, म्हणून ‘इतर’ निवडले, तेव्हा ‘इतर’ प्रकारचे अर्ज दुसऱ्या कक्षाकडे जातात असे समजले. त्या कक्षाने विचारले की बाहेरील कोणती संस्था ही माहिती घेणार आहे आणि तिच्याशी करार आहे का. स्वयंसेवकांच्या जाळ्याशी करार कसला करणार? मग सुचवण्यात आले की निबंधांसाठी एक सुबक पान बनवून देऊ, पाहणाऱ्याने नोंदणी करून ते उघडावे. म्हणजे ज्या यंत्रणेला साधी यादी हवी होती तिच्यापुढे आणखी एक कुलूप. मी पुन्हा समजावले, पुन्हा अर्ज गेला, आणि उत्तर पुन्हा नियमाचा क्रमांक देऊन आले. या काळात इतर सहकाऱ्यांचे निबंधही तयार होऊन त्याच रांगेत येऊन बसले, आणि विनिमय दर आमची वाट पाहत थांबला नव्हता.

सुटका झाली ती एका कनिष्ठ तंत्रज्ञामुळे. त्याने सहज विचारले की निबंध आणि त्यांची माहिती एकाच ठिकाणी असलीच पाहिजे का. नसली तरी चालते. माहितीच्या फाईलीत निबंधाचा पूर्ण दुवा दिला की पुरे. मग एक वेगळे छोटे उपसंकेतस्थळ काढले, त्यात फक्त मजकुराच्या फाईली ठेवल्या, तेवढ्याचीच यादी उघडी केली, आणि निबंध मुख्य सर्व्हरवरच राहू दिले. सुरक्षेच्या माणसांची हरकत उरली नाही. कोणाला हीच अडचण आली, तर पहिल्याच अर्जात हा उपाय मांडावा, आमच्यासारखा वाद घालत बसू नये.

नाव नोंदले गेल्यावर पुढचे काम नेप या सेवेने केले. तिचे स्वयंसेवक संपादक नव्या निबंधांतून विषयवार निवड करून ईमेलने याद्या पाठवतात, आणि मध्यवर्ती बँकिंगसाठी त्यांची वेगळी यादी आहे. आमचा निबंध तिच्यात आला आणि एका मध्यवर्ती बँकेतील अभ्यासकाने आकडेवारी मागवली, तेव्हा इतक्या अर्जांचा शीण थोडा उतरला, हे कबूल करतो. फाईलीत निर्मितीची तारीख न चुकता लिहावी, कारण नेप नव्या निबंधांसाठीच आहे. जेईएल संकेतही, म्हणजे अर्थशास्त्रातील विषयवार वर्गीकरणाचे संकेत, द्यावेत. विनिमय दरासाठी एफ 31 आहे. आणि एकदा दिलेला निबंधाचा ओळखक्रमांक कधीही बदलू नये.

ज्यांच्यामागे संस्था नाही त्यांनी या भानगडीत न पडता म्युनिकच्या एमपीआरए या संग्रहात निबंध थेट चढवावा. तो 2006 पासून चालू आहे आणि तिथून माहिती रेपेककडे जाते.

आकडेवारी आणि गणिताच्या फाईलीही सोबत उघड ठेवाव्यात. राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा कर्जावरील निबंध 2010 मध्ये एनबीईआरच्या मालिकेत आला, आणि देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) 90 टक्क्यांहून अधिक सरकारी कर्ज असल्यास आर्थिक वाढीचा सरासरी दर उणे 0.1 टक्के होतो, हा त्यातील आकडा युरोप-अमेरिकेतील खर्चकपातीच्या समर्थकांनी उचलून धरला. हर्नडन या विद्यार्थ्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह 2013 मध्ये तपासल्यावर एक्सेलच्या तक्त्यात पाच देशांच्या ओळी सरासरीतून सुटल्याचे आढळले. ती चूक, काही वर्षांची वगळलेली आकडेवारी आणि भारांकनाची (सरासरीत कोणत्या देशाला किती वजन द्यायचे याची) पद्धत दुरुस्त केल्यावर तो दर 2.2 टक्के आला. त्याला मूळ तक्ता लेखकांकडून मिळाला म्हणून हे उघड झाले.

संस्थेचे संकेतस्थळ आता नव्याने बांधले जाणार असल्याचे परिपत्रक आले आहे. मी सर्व फाईलींची प्रत बाहेर ठेवली आहे, आणि उपसंकेतस्थळाचा पत्ता बदलू नये असा अर्ज या वेळी आधीच, ‘इतर’ याच प्रकारात, देऊन ठेवला आहे.